‘बाकी ठीक’ : संत्रा गटातल्या मेसेजचा सूर ओळखण्याच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५, नागपूर

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवते आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांचा एक सल्लागट आहे. सभासद मोबाइलवर प्रश्न टाकतात, पानाफळांचे फोटो टाकतात, आपसात बोलतात. उत्तरं द्यायला दोन कृषी पदवीधर मुलं आहेत. मेसेज इतके वाढले की कोणाला आत्ता उत्तर हवं आणि कोणाचं उद्या चालेल, हे त्या दोघांना वाचून कळेपर्यंत संध्याकाळ होते. मेसेजचा सूर ओळखून घाबरलेल्या, खचलेल्या माणसाला यादीत वर आणणारं सॉफ्टवेअर करता येईल का, असं त्यांनी मला विचारलं.

मागच्या पावसाळ्यात एकानं बुंध्यातून डिंक येतो आहे म्हणून लिहिलं होतं. शेंडे वाळायला लागले होते. उत्तर गेलं चौथ्या दिवशी. ‘राहू द्या, आता उपयोग नाही’ एवढं लिहून तो गटातून निघून गेला. ते वाक्य मला दाखवलं, तेव्हाच मी हो म्हटलं.

५ जून

आधी परवानगी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं, नेमक्या कामासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी असं म्हटलं आहे. ती मागणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोयही द्यावी, असं त्यात आहे. मी साध्या मराठीत अर्धं पान लिहिलं आणि काटोलच्या बैठकीत वाचून दाखवलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांचेच मेसेज घ्यायचे. नाव, गाव, फोन, गट नंबर काढून टाकायचे. फोटोंना हात लावायचा नाही, कारण लोक बागेच्या फोटोबरोबर सातबाराचाही फोटो सहज टाकतात.

मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, “आमचं मन वाचून कोणाले सांगणार हाये तुमी?” मी म्हटलं, फक्त त्या दोघा मुलांना. हे वहीत लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे विसर पडायला नको.

९ जून

पहिला प्रयत्न अगदी सोपा. इंग्रजीत २०१४ साली वेडर नावाची शब्दसूची आली. साडेसात हजारांच्या आसपास नोंदी, प्रत्येकीला गोड-कडूपणाचे गुण. त्याच धर्तीवर मी मराठी शब्दांची छोटी यादी केली आणि मेसेजवर चालवली.

सर्वांत ‘संतप्त’ म्हणून वर आलेला मेसेज असा: ‘काल दोन पंप औषध मारलं, गळ थांबली नाही, अजून एक मारू का?’ मारलं, गळ, थांबली नाही, पुन्हा मारू. माझ्या यादीच्या हिशेबानं भांडण चाललं होतं. प्रत्यक्षात एक शांत माणूस फवारणीबद्दल विचारत होता.

त्याहून मोठा घोळ ‘ताण’ या शब्दानं केला. मृग बहारासाठी उन्हाळ्याच्या शेवटी बागेचं पाणी तोडतात. झाड सुकल्यासारखं दिसतं, पानं मलूल होतात, काही गळतात. यालाच ताण देणं म्हणतात. मग जूनचा पाऊस पडला की साठवलेल्या जोरावर झाड फुलतं. ताण नीट बसला तर फूल भरपूर. मध्येच पाऊस झाला तर ताण तुटतो, झाडाला नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते आणि फूल येत नाही. म्हणजे ‘ताण चांगला बसला’ ही संत्रेवाल्याची आनंदाची बातमी, आणि ‘ताण तुटला’ ही हळहळ. माझ्या यादीत दोन्ही लाल. यंदा मान्सून २४ मेलाच केरळात पोचला, त्याआधी अवकाळीनंही झोडपलं, त्यामुळे गटात सध्या दर तिसऱ्या मेसेजमध्ये ताण आहे.

मर, जळ, करपा, कोळशी, चट्टा, डिंक्या. या धंद्याची सगळी भाषाच दुखण्याची आहे, जशी दवाखान्याची असते. शब्द मोजून इथे काही हाती लागणार नाही. यादी बाजूला ठेवली.

१२ जून

तयार मराठी डेटा शोधला. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधक गटानं २०२१ मध्ये सोळा हजारांच्या आसपास मराठी ट्विट्स माणसांकडून वाचून घेऊन सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी लेबलं लावून खुली केली. पुढे चित्रपट परीक्षणं, मालिकांची सबटायटल्स, राजकीय ट्विट्स वगैरे धरून साठ हजार नमुन्यांचा मोठा संचही दिला. मराठीत काम करणाऱ्याला या माणसांचे आभार मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो संच नसता तर माझं काम शून्यापासून सुरू झालं असतं.

तरी ट्विट म्हणजे चौकातलं बोलणं. आमचे मेसेज ओसरीवरचे आहेत. सूर ओळखणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारा प्रोग्राम, आधी त्या डेटावर शिकवायचं, मग आमच्या मेसेजवर पुन्हा शिकवायचं.

१६ जून

चार दिवस वाया गेले, पण कारण सापडलं. सविस्तर लिहिते, कारण मराठीत काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाचेही असेच चार दिवस जाऊ शकतात.

मॉडेल काही केल्या सुधारत नव्हतं. शेवटी मॉडेलच्या पोटात नेमकं काय जातं आहे ते छापून पाहिलं. वाक्य दिलं होतं: ‘मृग बहाराच्या संत्र्याला फूल कमी आहे.’ पुढे गेलं होतं: ‘मग बहाराचया सतरयाला फल कमी आह.’

मृगाचं मग, फुलाचं फल. ‘संत्रा’ हा शब्द सुटा दिला तर ‘सतरा’. ‘झाडं वाळत आहेत’ मधलं ‘आहेत’ चक्क ‘आहत’ झालेलं.

कारण असं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. काना, वेलांट्या, ओकार ही जागा घेणारी चिन्हं मानली आहेत. उकार, ऋकार, एका-दोन मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडणारा हलन्त ही जागा न घेणारी. फ्रेंच अक्षरांवर जी तिरकी रेघ असते, तीही सुटी केली की याच दुसऱ्या वर्गात पडते. ती रेघ पुसून अक्षर साधं करायची सोय मी घेतलेल्या टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे तुकडे करून मॉडेलला देणाऱ्या भागात, आपोआप चालू होती. फ्रेंच शब्दाचं त्यानं फार बिघडत नाही. मराठीत मात्र रेघेबरोबर मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त सगळं पुसलं जातं. उरतात काना आणि वेलांटी. म्हणून ‘नाही’ शाबूत राहतं आणि ‘आहे’ मोडतं.

एका ओळीत ती सोय बंद केली. मॉडेल पुन्हा शिकवायला लावलं आणि रात्री साडेअकराला घरी गेले. मराठी अक्षर नीट पुढे जातं की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय यापुढे काहीही शिकवायचं नाही.

२० जून

लेबलं कोणती ठेवायची, हा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूळ भावना सगळीकडे वापरतात: राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य. गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये अठ्ठावन्न हजार इंग्रजी कॉमेंट घेऊन सत्तावीस भावना आणि एक तटस्थ अशी विभागणी केली. मी दोन्ही याद्या घेऊन मावशीकडे गेले. मावशी नागपूरच्या महाल भागात राहते, तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. तिला कामाविषयी सांगत होते, तर तिनं विचारलं, “भरताची यादी पाहिलीस का?”

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी म्हणजे टिकून राहणारे भाव, आठ सात्त्विक, तेहेतीस व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, एकूण एकोणपन्नास. सात्त्विक म्हणजे घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज बदलणं. ते मेसेजमध्ये दिसायचे नाहीत. तेहेतीसची यादी मात्र मावशीनं बोटांवर मोजत म्हटली आणि मी लिहून घेतली. चिंता, दैन्य, विषाद, ग्लानी, शंका, अमर्ष. इंग्रजी यादीत एका ‘दुःख’ शब्दाखाली जे दडलेलं होतं ते इथे चार घरांत वेगळं मांडलेलं. दैन्य आणि विषाद यांत फरक काय, तर मावशी म्हणाली, “दैन्यात माणूस हात पसरतो. विषादात हातच उचलत नाही.” हे तिचं सांगणं, ग्रंथातलं नाही. पण यादी लावायला मला याचाच उपयोग झाला.

मग ती एका नावावर थांबली. अवहित्थ. मनातलं बाहेर दिसू न देणं. लपवणं हाच एक भाव म्हणून भरतानं वेगळा मोजला आहे. लाज, भय, हार, मोठेपण यांतून तो येतो. बाहेर दिसतो तो भलतंच बोलण्यातून, बोलणं मध्येच तोडण्यातून, उसना धीर दाखवण्यातून.

मी चहा तसाच ठेवून ऐकत होते. आमच्या गटात रोज येणारं ‘बाकी ठीक’ डोळ्यांपुढे आलं. सहा, सत्तावीस, तीन, कुठल्याच यादीत या माणसाला जागा नव्हती. जो खचला आहे आणि खचलो असं म्हणत नाही, तोच तर मला शोधायचा होता.

लेबलं ठरली: तातडी, चिंता, वैताग, विषाद, समाधान, साधा प्रश्न. आणि सातवं, ‘झाकलेलं’.

२७ जून

लेबलं लावायला तिघं बसलो. मी, माझा मूळचा पुण्याचा सहकारी, आणि काटोलचे एक काकाजी, ज्यांची स्वतःची बाग आहे आणि गटातली माणसं ज्यांना बोलण्यावरून कळतात. धरमपेठेतल्या खोलीत सकाळपासून. मध्ये तर्री-पोहे झाले.

पहिलाच मेसेज: ‘काय करून राहिला बे, दोन दिवस झाले पत्ता नाही तुया.’

सहकाऱ्यानं लिहिलं, वैताग. मी लिहिलं, चिंता. काकाजी म्हणाले, “हा तर लाडानं बोलून राहिला. दोस्त हायेत ते.” पुण्याहून आलेल्या माणसाला ‘बे’ टोचतो, त्यात त्याची चूक नाही. इथे जवळच्याला ‘बे’ म्हणतात. आणि ज्याच्याशी बिनसलं त्याला एकदम ‘तुम्ही’ आणि ‘जी’ सुरू होतं. म्हणजे आदर वाढला तर काळजी करावी लागते. तसंच ‘भैताड’, तसंच ‘पोट्टे’. मी स्वतः नागपूरची असून दोनदा चुकले. एका दुसऱ्या मेसेजबद्दल काकाजींनी सांगितलं की त्यातले दोघे चुलतभाऊ वर्षभरापासून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलत नाहीत आणि तो ‘बे’ लाडाचा नव्हताच.

‘देव पाहून घेईल.’ यावर अर्धा तास गेला. श्रद्धा? धमकी? हात टेकणं? काकाजी म्हणाले, कोण म्हणतो त्यावर आहे. मग आम्ही तिघांनीही वेगवेगळं लेबल तसंच राहू दिलं. मतभेद पुसायचा नाही, तोही मॉडेलला दाखवायचा, असं ठरवलं.

सहमती किती हे मोजायला जेकब कोहेन यांचा १९६० चा कॅपा वापरला. सहकाऱ्यानं तो काकाजींना फळ्यावर असा समजावला: समजा दोघांनी शंभर मेसेज वाचले, दोघांनीही सत्तरांना ‘साधा’ आणि तिसांना ‘चिंता’ म्हटलं, आणि ऐंशी ठिकाणी जुळलं. ऐकायला बरं वाटतं. पण न वाचता त्याच प्रमाणात लेबलं वाटली असती तरी अठ्ठावन्न ठिकाणी जुळलंच असतं. म्हणून खरी सहमती म्हणजे ऐंशी वजा अठ्ठावन्न, भागिले शंभर वजा अठ्ठावन्न. बावीस भागिले बेचाळीस. अर्ध्याच्या जरा वर.

काकाजी फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे दैवानं जुळलेलं धरायचं नाई.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आमची सहमती ‘तातडी’वर चांगली आली. ‘झाकलेलं’वर फार कमी. तिथे काकाजी जे पाहतात ते आम्हा दोघांना दिसतच नाही.

९ जुलै

कालपासून पाऊस थांबलेला नाही. काकाजी येऊ शकले नाहीत. घरूनच काम.

रोमन लिपीतले मेसेज आज हातात घेतले. ‘आहे’ हा एकच शब्द पाच तऱ्हांनी लिहिलेला सापडला, आणि ‘हाय’, ‘हाये’ वेगळेच. गूगलचं म्युरिल हे मॉडेल सोळा भारतीय भाषा आणि इंग्रजीवर शिकवलेलं आहे, त्यात रोमन लिपीत उतरवलेला मजकूरही होता, म्हणून ते घेऊन पाहते आहे. प्रमाण मराठी रोमनमध्ये असेल तर जमतं. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘येजो’, ‘जाजो’ आले की अडखळतं. ही रूपं आमच्याच मेसेजमधून शिकवावी लागणार.

जोडलेल्या हातांचं चिन्ह: नमस्कार, आभार, विनंती, श्रद्धांजली, आणि ‘पुरे करा आता’. त्याला स्वतंत्र अर्थ द्यायचा नाही, आजूबाजूला काय आहे ते पाहायचं.

१८ जुलै

सहकारी खूश होऊन आला, मॉडेल बहुतेक सगळे मेसेज बरोबर ओळखतं म्हणाला. मी विचारलं, विषादाचे किती ओळखले? जवळजवळ एकही नाही. शंभरात पाचच मेसेज खचलेल्या माणसाचे असतील आणि मॉडेल डोळे मिटून प्रत्येकाला ‘साधा’ म्हणत राहिलं, तरी ते पंचाण्णव वेळा बरोबर ठरतं. ज्या पाचांसाठी हे सगळं चाललं आहे ते पाचच सुटतात.

म्हणून आता एकूण अचूकता बघणं बंद. त्या पाचांपैकी किती सापडले तेवढंच बघायचं. किती शंका आली की मेसेज वर आणायचा, तो उंबरठा खाली आणला, तर विनाकारण वर येणारे मेसेज वाढले. मुलांना विचारलं. त्यांनी सांगितलं, ताई, जास्तीचे चार फोन लावायला आमची हरकत नाही.

२ ऑगस्ट

‘झाकलेलं’ कसं पकडायचं यावर दोन आठवडे गेले. मेसेजच्या आत शोधत होते, तिथे ते नसतंच. काकाजींना विचारलं, तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, “तो रोज कसा बोलते ते मले ठाऊक हाये ना बाई.”

म्हणजे तुलना लोकांशी करायची नाही, त्या माणसाची त्याच्याच कालच्या बोलण्याशी करायची. आता प्रत्येक सभासदाचे मागचे तीस मेसेज धरून त्याची सवय काढते: किती लांब लिहितो, फोटो टाकतो का, राम राम म्हणतो का, किती वाजता लिहितो, प्रश्न विचारतो की नुसतं उत्तर देतो, दुसऱ्याच्या झाडाबद्दल बोलतो का. नवा मेसेज त्या सवयीपासून किती दूर गेला, ते मोजायचं. मुळात कमी बोलणारा माणूस नुसतं ‘हौ’ (हो) म्हणाला तर काही नाही. रोज पंधरा ओळी लिहिणारा ‘हौ’ म्हणाला तर थांबून बघायचं.

लगेच एक अडचण आली. एक आजोबा अचानक तुटक लिहायला लागले म्हणून मॉडेलनं वर आणलं. मुलांनी फोन केला. त्यांचे मेसेज नात लिहून द्यायची, ती शिकायला परत वसतिगृहात गेली होती. आजोबा मजेत होते. फोन आल्याचं त्यांना इतकं बरं वाटलं की वीस मिनिटं बोलले.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज तान्हा पोळा आणि मारबत. इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून. पुढेमागे बडगे असतात, त्या त्या वर्षीच्या रागाचे पुतळे. ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं लोक ओरडतात आणि शेवटी सगळं जाळतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहायचे. आज भाच्याला घेऊन गेले.

घरी येऊन यादी उघडली तर पूर्ण लाल. गट दिवसभर ओरडत होता. ‘फळगळ घेऊन जा गे मारबत.’ ‘कोळशी घेऊन जा गे मारबत.’ ‘कळमन्याचा पडेल भाव घेऊन जा गे मारबत.’ मॉडेलला सगळीकडे वैताग दिसला. शब्दांत तो आहेही. फळगळ खरीच आहे, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात फुललेली, फळं या दिवसांत गळतात, बुरशीनं, रस शोषणाऱ्या पतंगानं, नाहीतर झाडाचं पोट न भरल्यानं, आणि कळमना बाजारातल्या भावाची धास्तीही खरी आहे. पण मिळून ओरडणाऱ्या माणसांची मला आज काळजी वाटली नाही.

मी यादी खालून वाचायला घेतली. रोज लिहिणारे कोण आज ओरडले नाहीत? चार नावं निघाली. तिघं मिरवणुकीलाच आलेले होते, असं मुलांनी सांगितलं. चौथं नाव लिहून ठेवलं आहे.

११ सप्टेंबर

चौथं नाव. यांना मी ‘आठशे झाडंवाले’ म्हणते, कारण पहिल्याच मेसेजमध्ये त्यांनी झाडांची संख्या सांगितली होती. रोज सकाळी फोटो, प्रत्येक प्रश्नावर स्वतःचा अनुभव, बोर्डो मिश्रणाचं प्रमाण कोणी विचारलं की सर्वांत आधी उत्तर यांचं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. पोळ्यापासून गप्प होते. काल रात्री पावणेतीनला मेसेज: ‘धन्यवाद सर्वांना. बाकी ठीक आहे.’

शब्द ओळखणारं मॉडेल म्हणालं, समाधान, आणि तेही अगदी खात्रीनं. सवय मोजणारा भाग म्हणाला, दूर, फार दूर. दोन्हींची गोळाबेरीज करून मेसेज यादीत मधेच कुठेतरी पडला. सकाळी काकाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “बाई, हा माणूस असा लिहत नाई. याले फोन लावा.”

फोन काकाजींनीच लावला. मी शेजारी होते, पण त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि ते बरोबरच होतं. दारातून सुरुवात तेवढी ऐकू आली: “झाडं जंबेरीवरची हायेत ना तुमची? किती वर्साची झाली?” जंबेरी म्हणजे संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात तो खुंट. मनाबद्दल एक शब्द नाही. चाळीस मिनिटं बोलणं चाललं.

नंतर त्या माणसाच्या परवानगीनं काकाजींनी जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते. व्यापाऱ्यानं इसार देऊन बागेचा सौदा केला होता. गळ पाहून तो फिरला. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी ते म्हणाले, “रात्री झोप लागत नाई जी.” काकाजींनी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, तिथे मराठीत बोलता येतं हे सांगितलं, आणि शनिवारी स्वतः येतो म्हणाले.

संध्याकाळी मी गोळाबेरजेचा तो भाग काढून टाकला. शब्द गोड असले म्हणून सवय मोडल्याची खूण यापुढे दबता कामा नये.

१३ सप्टेंबर

काकाजी जाऊन आले. बागेत पाणी साचलं होतं, दोघांनी मिळून चर काढायच्या जागा ठरवल्या. बायकोला सगळं सांगून झालं आहे. त्या माणसाच्या मुलानं काकाजींना बसपर्यंत सोडलं.

२९ सप्टेंबर

नाव न सांगता लिहिते. एका माणसाचा फोन आला. त्याचा धंदा बागा घेण्याचा. आमच्या कामाबद्दल कुठून तरी ऐकलं होतं. कोणते बागायतदार ‘अडचणीत’ आहेत याची यादी दर आठवड्याला मिळेल का, पैसे देतो, असं सरळ विचारलं.

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. हात थरथरत होते. जी यादी माणसाला आधार द्यायला केली, तीच त्याची बाग भाव पाडून मागायला किती उपयोगी आहे, हे मला जूनमध्येच दिसायला हवं होतं. बैठकीतल्या त्या बाईंना दिसलं होतं. त्यांचा प्रश्न वहीच्या दुसऱ्या पानावर आहे.

तीन दिवस बसून बदल केले. पडद्यावर आता कुठल्याही भावनेचं नाव येत नाही. ‘विषाद’ नाही, ‘झाकलेलं’ नाही. फक्त ‘फोन करून बघा’ आणि खाली कारण: ‘नेहमीपेक्षा फार त्रोटक’, ‘दहा दिवसांनी लिहिलं’, ‘रात्री उशिरा’. सात दिवसांनी तेही पुसलं जातं. गुण साठवले जात नाहीत, महिन्याचा आलेख निघत नाही, यादी उतरवून घ्यायचं बटण नाही. सवयीचा हिशेब त्या दोघा मुलांच्या कॉम्प्युटरवरच होतो, माझ्याकडेही येत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की आलेख नसेल तर मॉडेल सुधारतं आहे की नाही ते कळणार कसं. म्हणणं रास्त आहे. संमती देणाऱ्यांचे नाव काढलेले जुने मेसेज तपासणीसाठी आहेत, त्यावर भागवायचं ठरलं.

काटोलच्या पुढच्या बैठकीत हे सगळं, त्या फोनसकट, मी सांगितलं. तिघांनी संमती मागे घेतली. त्यांचे मेसेज त्याच रात्री काढून टाकले.

१६ नोव्हेंबर

आंबियाची तोडणी सुरू आहे, गटात भावाचीच चर्चा. दोन महिन्यांत ‘फोन करून बघा’ म्हणून वर आलेल्यांपैकी बरेच फोन विनाकारणच होते: मोबाइल बदलला, घरी लग्न होतं, चष्मा फुटला. मुलं अजून कंटाळलेली नाहीत. एकदा मात्र खरोखर अडचणीतला माणूस मॉडेलला दिसला नाही, कारण तो नवा होता, मागचे तीस मेसेजच नव्हते. नव्या सभासदाला पहिल्या महिन्यात माणसानंच विचारायचं, असं ठरवलं आहे. त्याला सॉफ्टवेअरमधला उपाय सध्या माझ्याकडे नाही.

आज सकाळी सहाला ‘आठशे झाडंवाल्यांचा’ मेसेज. चौदा ओळी, चार फोटो. चर काढल्यावर मुळ्या कशा आहेत, कोणत्या रांगेतली झाडं गेली, कोणती तरली, आणि शेवटी: ‘तोडणी झाल्यावर आंबियासाठी ताण कधी द्यावा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात की थंडी पडल्यावर? जमीन भारी आहे.’

खाली दोन माणसांनी उत्तर दिलं होतं आणि काकाजींनी लिहिलं होतं, ‘येतो रविवारी, पाहू.’

उद्या सकाळी: ‘येजो’, ‘जाजो’ची रूपं पुन्हा तपासणं, नव्या सभासदांची यादी मुलांना देणं.